गळणारं वर्ष

गिरिजा हत्तुरेला झोपायचा पगार मिळतो, असं तिच्या नात्यागोत्यातले सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी ती सोलापुरातल्या होटगी रस्त्यावरच्या कचेरीत जायची, चपला काढायची, हातपाय धुवायची आणि एका बाजेवर आडवी व्हायची. उठली की कुठल्या तरी कंपनीच्या शेअरची रास्त किंमत सांगायची. पंचवीस-तीस हजार लोक त्या किमतीवर विसंबून आपली पुंजी लावायचे. "आमच्याकडं पण झोपणारे दोघं आहेत, त्यांना पण लाव की कामाला," असं तिची नणंद दर दिवाळीला न चुकता म्हणायची, आणि दर दिवाळीला आपल्याच विनोदावर पोटभर हसायची.

यंत्राचं खरं नाव लांबलचक आणि सरकारी होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. आडवं पडायचं म्हणून सगळे त्याला बाज म्हणायला लागले, आणि पुढे पुढे कागदोपत्रीही बाजच आलं.

बाजेमागचा विचार मात्र जुना आहे. शेअर महाग की स्वस्त हे बघायला लोक त्याचा भाव आणि कंपनीचा वर्षाचा नफा शेजारी शेजारी ठेवतात. पण एका वर्षाचं काय घेऊन बसलात? आंब्याला एक वर्षी बहर येतो, दुसऱ्या वर्षी येत नाही. म्हणून शहाण्यांनी ठरवलं की नफा एका वर्षाचा नको, दहा वर्षांचा घ्यावा. त्यातही एक गोम आहे. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया नावाने एकच असले तरी अंगाने सारखे नसतात. तेव्हा ज्या पैशात किलोभर शेंगाचटणी यायची, त्यात आता पाव किलो येते. तेव्हा प्रत्येक जुन्या वर्षाचा नफा आजच्या महागाईच्या मापाने नव्याने मोजायचा, मग दहाही वर्षांची सरासरी काढायची, आणि आजचा भाव त्या सरासरीसमोर उभा करायचा. एवढं केलं की चांगल्या वर्षाला फुशारकी मारता येत नाही आणि वाईट वर्षाला रडगाणं गाता येत नाही.

हे गणित शाळेतलं पोरही करील. मग बाज कशाला? तर गणित समोर असूनही माणसं त्याचं ऐकत नाहीत म्हणून. गेल्या वर्षीची तेजी डोळ्यांत भरली असली की दहा वर्षांचा आकडा त्यांना म्हाताऱ्याच्या बडबडीसारखा वाटतो. मेंदू आकडा विसरतो, पण वाट विसरत नाही. लहानपणी पाहिलेली मामाच्या गावची वाट पन्नाशीतही पायांना आठवते, कारण जागा ओळखणाऱ्या पेशींची मेंदूत एक वेगळीच वस्ती असते. बाज नेमकी त्या वस्तीत शिरते. माणूस जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर असताना कानांमागे लावलेल्या दोन चकत्या तोल सांभाळणाऱ्या नसांना हलके इशारे देतात, की आता चढ आला, आता उतार लागला. दहा वर्षांचा नफा जमीन होऊन समोर पसरतो. भरभराटीचं वर्ष उंच, ओढग्रस्तीचं सखल. शेअरचा भाव म्हणजे डोक्यावरचं ओझं आणि दहा वर्षांची सरासरी म्हणजे पायाखालच्या मातीचा घट्टपणा. ओझं घेऊन चालायचं. पाय रुतले तर शेअर महाग, पाय हलके पडले तर स्वस्त. उठल्यावर जे कळलेलं असतं ते बाजारातल्या आरडाओरड्याने पुसलं जात नाही.

एक नियम मात्र कडक होता. जमीन यंत्राची असली तरी स्वप्न आपलंच असतं आणि मन आपल्या पदरचं काहीबाही त्यात आणून टाकतं. झाडं आली, ढग आले, बकऱ्या आल्या तरी चालेल. ओळखीचं माणूस दिसलं की मात्र हातातली घंटी दाबायची आणि उठायचं. त्या कंपनीचं मोल ठरवायचं काम मग तुमच्याकडून कायमचं गेलं. कारण आपलं माणूस जिथे उभं असतं तिथली माती आपल्याला घट्टच लागते.

गिरिजाला एका कंपनीच्या जमिनीवर माणूस दिसायचं. आणि गिरिजा घंटी दाबत नसे.

ती कंपनी म्हणजे उंबरज्यांची जाळी. सोलापूर चादरी विणत आलं, टॉवेल विणत आलं. वीरभद्र उंबरज्यांनी मच्छरदाण्या विणल्या. गाव कंपनीला नुसतं 'जाळी' म्हणे आणि तिथं काम करणाऱ्याला 'जाळीचा माणूस'. दहा वर्षांचा हिशेब कशाला हवा हे ज्याला समजत नसेल त्याने हा धंदा बघावा. डासांच्या तापाची साथ आली की नफा गगनाला भिडायचा, साथ नसली की कारखान्यात शुकशुकाट. साथीच्या वर्षाचा नफा धरून बघितला तर शेअर फुकटात मिळतोय असं वाटायचं आणि तेव्हा घेणारा हमखास पस्तावायचा. गावाचं वाईट वर्ष ते जाळीचं चांगलं वर्ष, हे वीरभद्रांच्या मुलाला, अण्णा उंबरज्यांना, पुरतं ठाऊक होतं. त्या वर्षी ते कुणाला पेढे देत नसत. मात्र कामगाराच्या घरी पाळणा हलला की बारशाला कंपनीकडून पाळण्याची जाळी जायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत त्यांनी कधी मोडली नाही.

दहा वर्षांपूर्वी मोठी साथ आली. गिरिजाचा नवरा मल्लिनाथ जाळीचा विक्रेता होता. गोदाम रोज भरायचं आणि रोज रिकामं व्हायचं. एका संध्याकाळी शेजारच्या घरात बाळंतीण आली. तिच्याकडे जाळी नव्हती. मल्लिनाथने आपल्या पलंगावरची सोडली आणि नेऊन बांधली. "अरे, मग आपल्याला?" गिरिजाने विचारलं. तो म्हणाला, "दुसरी उद्या आणतो." जाळीच्या माणसाला जाळी विकत घ्यायची सवयच नसते. ती गोदामातून येते, आज नाही तर उद्या. तो उद्या आठवडाभर आला नाही, आणि मग ताप आला. घरात कस्तुरीच्या पाळण्याची जाळी तेवढी होती. दीड वर्षांची पोर पाय दुमडून तिच्यात झोपायची, म्हणून ती वाचली. मल्लिनाथ वाचला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जाळीच्या जमिनीत त्या वर्षाचा डोंगर होता. बाकी सगळं माळरान, मधूनच एखादी टेकाडाची लाट, आणि टोकाला तो हिरवा, उंच, एकटा डोंगर. गिरिजा दर तिमाहीला ओझं घेऊन तो चढायची. वर वारा असायचा आणि सगळ्या गवतावर पांढरी झिरझिरीत जाळी पसरलेली असायची, दव पडल्यावर दिसते तशी. माथ्यावर मल्लिनाथ बाह्या दुमडून बसलेला असायचा. मांडीवर जाळी, हातात सुई. भोक बुजवत असायचा.

"आलीस गिरजे? बस."

ती बसायची. खाली दहा वर्षं पसरलेली दिसायची. बोलायचं असं फार नसायचंच. तो सुई ओवायला दोरा तिच्यापुढे करायचा आणि ती ओवून द्यायची. एखादा ढग इतक्या खालून जायचा की पाय उचलून घ्यावेत. मग शेवटी, उठायच्या आधी, तो न चुकता म्हणायचा, "दुसरी उद्या आणतो." तिला राग यायचा, दर वेळी तितकाच. आणि दर वेळी ती पुढच्या तिमाहीची वाट बघायची.

बाजेशेजारी येमूल बसायचे. झोपणाऱ्याची नाडी आणि श्वास बघणं हे त्यांचं काम. बडबड्या, सुपारीचा शौकीन माणूस. जाळीच्या दिवशी ते गप्प असायचे. गिरिजाच्या डोळ्यांतून पाणी यायचं तेव्हा ते कपाळावरचा घाम टिपल्यासारखं करून ते पुसायचे आणि काही विचारायचे नाहीत.

चैत्रात अण्णा उंबरजे स्वतः कचेरीत आले. ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, कपाळावर भस्म, हातात काठी. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सरळ विषय काढला.

"गिरिजा, मी आता दमलो. पोरं परदेशात. जाळी कामगारांच्या ट्रस्टला द्यायची ठरवलंय. ते पाच वर्षांत पैसे फेडणार, पगारातून. किंमत तू सांगायची. त्यांचा तुझ्यावर विश्वास हाय, माझा पण."

"कधीपर्यंत सांगू, अण्णा?"

"तेच तर. वैशाखात नव्या वर्षाचे आकडे चढतील."

पुढचं त्यांना सांगायची गरज नव्हती. दहा वर्षांच्या पंगतीत पानं दहाच असतात. नवं वर्ष येऊन बसलं की सगळ्यात जुन्याला उठावं लागतं. आता उठायची पाळी डोंगराची होती. तो गळाला की जाळीची माती एकदम मऊ होणार आणि किंमत उतरणार. मात्र करारात एक सोय होती. मोल ठरवणाऱ्याला वाटलं, तर सध्याची दहा वर्षं आहेत तशी गोठवून टाकायची आणि पाचही वर्षं दर तिमाहीच्या हप्त्याचा हिशेब त्याच जमिनीवर करायचा. म्हणजे पाच वर्षं दर तिमाहीला बाजेवर हीच जमीन येणार. हाच डोंगर आणि हाच माथा.

"साथ परत येईल असं वाटतं तुम्हाला?" गिरिजाने विचारलं.

"कुठनं येतीय! ते नर डास सोडूलालेत तेव्हापासनं चार वर्षं झाली, दवाखाने ओस पडलेत." प्रयोगशाळेत वाढवलेले ते नर डास चावत नसत. त्यांच्या पोटात एक जंतू असायचा, त्यामुळे त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबतच नसत. गावोगावी ते पेट्यांतून सोडले जात, आणि एकेका पावसाळ्यानंतर डास विरत चालले होते. "जाळी आता लोक सवयीनं बांधतात. चालेल धंदा, पण रांगत. तसला डोंगर आता परत नाही, पोरी."

"मग गोठवलं तर कामगारांना जास्त पडेल."

अण्णांनी काठीवर हनुवटी टेकली. "पडेल. आणि मला जास्त मिळेल. मी काय मठातला स्वामी नाही, मिळालं तर नको म्हणणार नाही. पण मागणार पण नाही. तू म्हणशील ते."

ते गेल्यावर गिरिजाने कागद पुढे ओढला आणि दहा वर्षं का गोठवावीत याची कारणं लिहायला घेतली. हवामान बदलतंय. डासांची नवी जात येऊ शकते. सरकारचं अनुदान आटलं तर पेट्या बंद पडतील. शिकलेल्या माणसाला हवी ती कारणं सापडायला वेळ लागत नाही. तिची तर पान भरून सापडली आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. खरं कारण तेवढं त्या पानावर नव्हतं.

शाळेला सुट्टी लागलेली होती. कस्तुरी, बारावं लागलेली, उंच आणि फटकळ, एका दुपारी आईचा डबा घेऊन कचेरीत आली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. आत पडदे ओढलेले, निळसर अंधार, आणि बाजेवर आई. येमूल तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "बस. जाळीत गेलीय."

कस्तुरी कडक भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसली. मग तिने पाहिलं की आई हसतेय. झोपेतलं ओठ हलल्यासारखं ते हसू नव्हतं. तिचा अख्खा चेहरा सैल झाला होता, वय उतरलं होतं, आणि ती पुटपुटली, "तुला सुई ओवता येत नाही मल्लिनाथ, अजून."

गिरिजाला जाग आली तेव्हा पोर समोर उभी होती.

"बाबा दिसतो तुला?"

गिरिजाने येमूलांकडे बघितलं. ते सुपारी कातरायला लागले, मान खाली घालून.

"कधीपासनं?" कस्तुरीने विचारलं.

"बाज आल्यापासून."

"म्हणजे मी पहिलीत होते तेव्हापासनं! आणि मला सांगितलं नाहीस. बाबा कसा बोलायचा विचारलं की, 'जा, झोप' म्हणतेस. तू तिथं जाऊन त्याच्याशी बोलूलालीस, आणि मला जा, झोप?" तिचा आवाज फुटला. "माझ्याशी कधी हसलीस का गं अशी?"

याचं उत्तर दोघींनाही माहीत होतं.

"मला पण जायचंय," कस्तुरी म्हणाली. "आत्ता."

"कस्तुरी, तिथे बाबा नसतो. नुसती जमीन असते. माणूस आपल्या आठवणीतून येतं. तुला तो आठवतच नाही, तर..."

"मग नुसता डोंगर बघते. तुझी काय मालकी हाय का डोंगरावर?"

येमूलांनी सुपारी तोंडात टाकली. "मॅडम, शाळेची पोरं सहलीला येतात तेव्हा आपण त्यांना निजवतोच की. धोका काही नाही. निजू द्या." मग कस्तुरीच्या हातात घंटी देत म्हणाले, "ही धर. ओळखीचं माणूस दिसलं की दाबायची आणि उठायचं. नियम हाय."

गिरिजा पहिल्यांदाच बाजेच्या अलीकडे, येमूलांच्या स्टुलावर बसली. पोरीच्या कानांमागे चकत्या लागल्या. हळूहळू तिचे पाय थरथरायला लागले, झोपेत कुत्र्याचं पिल्लू पळतं तसे. चढते आहे, गिरिजाने ओळखलं. मनातल्या मनात तीही बरोबर चढायला लागली. आता टेकाड, आता सपाटी, आता गवत. एक वेडी आशा तिच्या छातीत वर आली. दीड वर्षांच्या पोरीला काही आठवत नाही असं कोण म्हणतं? वास आठवत असेल. खांदा आठवत असेल. दिसू दे तिला, ती म्हणाली, एकदा तरी दिसू दे.

घंटी वाजली.

कस्तुरी डोळे उघडून छताकडे बघत होती. गिरिजाने तिचा हात धरला. "दिसला? कस्तुरी, कोण दिसलं?"

"तू."

"मी?"

"वर तूच होतीस, आई. पाठमोरी बसलेलीस. मी हाक मारली, लई हाका मारल्या. तू वळलीच नाहीस." तिने घंटी येमूलांना परत दिली. "ओळखीचं माणूस दिसलं म्हणून दाबली. दाबायची असते ना?"

डब्यातली भाकरी तशीच राहिली. दोघी रिक्षाने घरी गेल्या, उन्हाच्या झळांतून, एकमेकींच्या शेजारी. घरी पोचल्यावर कस्तुरीने माठातलं पाणी दोन पेल्यांत ओतलं आणि एक आईपुढे सरकवला. गिरिजाला वाटलं, ही पोर आपल्याला हाका मारून कायमची दमेल तेव्हा तिचा हात असाच पेला सरकवील, आणि नंतर तेही बंद होईल.

नवे आकडे चढायच्या आदल्या सकाळी गिरिजा शेवटची पाहणी करायला बाजेवर आडवी झाली. तशी ती करावीच लागते. कारणांचं पान तिने पर्समध्ये घातलं होतं. नुसती सही बाकी होती. येमूलांनी पडदे ओढले.

जमीन नेहमीसारखीच उलगडली. माळ, टेकाडं, मऊ पिवळं ऊन, आणि टोकाला डोंगर. पण त्याच्या पलीकडची कड आज दिसत होती. तिथून पुढे काही नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता, आणि माती बारीक बारीक होऊन त्या उजेडात सांडत होती. आवाज मुळीच नव्हता. गिरिजा ओझं घेऊन चढली. पाय कुठेच रुतले नाहीत. आज तिने जरा थांबून, मुद्दाम, टाच जोराने दाबून पाहिली. माती दगडासारखी लागली. दहा वर्षांच्या सरासरीने इतकी घट्ट असूच शकत नव्हती. तिच्या लक्षात आलं की इथे आपल्या पायांनी कधी खरं सांगितलेलंच नाही.

"आलीस गिरजे? बस."

ती बसली नाही. उभी राहूनच त्याच्याकडे बघितलं. तो तिशीतलाच होता. तिच्या कानांजवळ पांढरे केस आले होते आणि त्याला ते दिसत नव्हते, कारण ती शेवटची त्याच्यासमोर होती तेव्हा ते नव्हते. त्याने दोरा पुढे केला. तिने ओवून दिला. वारा जाळीखालून शिरला आणि सगळा डोंगर हलकेच फुगला आणि बसला, श्वास घेतल्यासारखा.

"दुसरी उद्या आणतो," तो म्हणाला.

राग आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नाही आला. तिला त्याची माया आली, उद्यावर इतका भरवसा असलेल्या माणसाची येते तशी.

"नको आणूस," गिरिजा म्हणाली. "आता डास राहिले नाहीत."

त्याचा हात थांबला. त्याने वर बघितलं. "राहिले नाहीत?"

"नाही. कुणाला ताप येत नाही आता. पोरं उघड्यावर झोपतात."

"मग मी इथं काय करूलालोय, गिरजे?"

"माझ्यासाठी बसलायस. मीच बसवून ठेवलंय तुला." तिला रडू आवरेना. "कस्तुरी बारा वर्षांची झालीय. तुझ्यासारखीच फटकळ आहे. खालून हाका मारतीय रे मला, कधीची."

मल्लिनाथने कान दिला, जणू त्यालाही ऐकू येत होतं. मग त्याने सुई जाळीत टोचून ठेवली, काम संपल्यावर ठेवतात तशी, आणि हसून म्हणाला, "जा की मग."

ती वळली. डोंगराच्या माथ्यावर ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खालच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. खाली माळ पसरला होता, आणि तो अजिबात उजाड नव्हता. बसून तिने तो कधी नीट पाहिलाच नव्हता. तिने घंटी दाबली.

येमूलांनी पडदा सरकवला. घंटी वाजली की पुढचा प्रश्न नियमाने विचारावाच लागतो. तो विचारताना त्यांनी नजर खिडकीबाहेर ठेवली.

"कोण दिसलं, मॅडम?"

"माझा नवरा. आणि आजच दिसला असं लिहू नका. पहिल्यापासून दिसतो."

"तसं लिहिलं तर परवाना जाईल तुमचा."

"जाऊ दे."

येमूलांनी तसंच लिहिलं. मग बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत बसले. "कधी दाबताय याची मी वाट बघूलालो होतो," ते म्हणाले, "आणि दाबू नये असंही वाटत होतं."

पर्समधलं कारणांचं पान गिरिजाने फाडलं. जाळीचं काम पुण्याच्या एका तरुण मूल्यमापकाकडे गेलं. नवे आकडे चढले, सगळ्यात जुनं वर्ष गळालं, आणि तो बाजेवर आडवा झाला. त्याच्या डोंगरावर कुणीच नव्हतं, कारण डोंगरच नव्हता. तो म्हणाला, जमीन सपाट आहे, मऊ आहे, ओझं थोडं कमी करा म्हणजे छान चालता येईल. दहा वर्षं गोठवायचं कारण त्याला दिसलं नाही. किंमत उतरली. अण्णा उंबरज्यांनी एक सुस्कारा टाकला आणि सही केली. कामगारांच्या ट्रस्टने पहिल्याच बैठकीत बारशाच्या जाळीची रीत चालू ठेवायचं ठरवलं.

गिरिजाचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. ती नव्या लोकांना शिकवायला लागली, की चढ कसा ओळखायचा, ओझं कसं पेलायचं, आणि घंटी कधी दाबायची. शेवटचा धडा ती फार चांगला शिकवते, असं येमूल सगळ्यांना सांगत. नणंद म्हणाली, "आता जागं राहून पगार मिळवावा लागणार, बाई!" आणि या वेळी तिच्याबरोबर गिरिजाही हसली.

ज्येष्ठातल्या एका रविवारी दुपारी ती बाजारातून जाळी घेऊन आली. पैसे देऊन, दुकानातून, पावती घेऊन. कस्तुरीने पिशवीत डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"डास कुठंयत, आई?"

"माश्या तर आहेत."

दोघींनी मिळून ती बांधली. दोन टोकं खिडकीच्या गजांना, एक दाराच्या खिळ्याला, एक कपाटाच्या मुठीला. पंख्याच्या वाऱ्याने ती फुगायची आणि बसायची. दोघी आत शिरल्या आणि कडा गादीखाली खोचल्या. बाहेरचं घर लगेच दूर गेलं. भिंती, कॅलेंडर, माठ सगळं पांढुरकं, पाण्याखाली असल्यासारखं दिसायला लागलं.

"सांग," कस्तुरी म्हणाली.

"काय सांगू?"

"तो कसा बोलायचा ते."

गिरिजाने सवयीने भिंतीकडे कूस घेतली आणि सुरुवात केली, "तो ना, कुठलीही गोष्ट विचारली की आधी म्हणायचा..."

मागून खांद्यावर हात पडला.

"आई, इकडं तोंड करून सांग की."

गिरिजा वळली.